तळ्याकाठच्या पाच रात्री

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आठ जण काश्मीरला निघतोय. दल लेक, गुलमर्ग नाही. सोनमर्गजवळच्या शितकडीहून चढायचं आणि सहाव्या दिवशी नारानागला उतरायचं. मधे निचनाई, विशनसर, गडसर, सतसर आणि गंगाबल असे पाच मुक्काम, त्यातले बहुतेक तळ्यांच्या आसपास. चाल साधारण सत्तर किलोमीटर. सगळ्यात उंच खिंड गडसरच्या आधी लागते, ४,००० मीटरच्या वर.

अम्मीला हे सांगितलं तर म्हणाली, "तालाब देखने कू इत्ते लंबे जाते क्या? कास का तालाब क्या बुरा है?"

साताऱ्याच्या माणसाला याचं उत्तर देणं अवघड आहे. कासचा तलाव वाईट नाहीच. पण रविवारी तिथे जाऊन बघा. गाडीची दारं उघडी टाकून गाणी चालू असतात आणि वेफर्सची पाकिटं वाऱ्याने पाण्यावर जातात. मला पाच रात्री या आवाजापासून लांब राहायचं होतं.

पण शांत जागा ही आयती मिळत नाही, हे तयारी करताना कळलं. जुलै-ऑगस्टमध्ये या वाटेवर मोठमोठे गट असतात, विशनसरला तंबूंची वस्तीच उभी राहते. म्हणून आम्ही फुलांवर पाणी सोडलं आणि सप्टेंबर धरला. थंडी जास्त, गर्दी कमी. निघायचा वार मंगळवार ठेवला. स्पीकर कुणी आणायचा नाही. तंबू इतरांपासून थोडे लांब लावायचे. साबण तळ्यात न्यायचा नाही, शौचाचा खड्डा पाण्यापासून निदान साठ मीटर लांब खणायचा. नेलेलं प्लास्टिक परत आणायचं.

खरी चर्चा दोन गोष्टींवर झाली.

पहिली, माझ्या धाकट्या बहिणीची. ती इन्सुलिन घेते. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, म्हणून ते घोड्यावरच्या सामानात टाकायचं नाही. दिवसा अंगाजवळच्या पिशवीत, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. अर्धा साठा दुसऱ्याकडे. चढावर साखर एकदम उतरू शकते, म्हणून ग्लुकोज दोघांच्या खिशात हवं. सोनमर्गला एक दिवस जास्त राहायचं, शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून. एकाची सुट्टी त्यामुळे वाढत होती, तो कुरकुरला. बहीण म्हणाली, "मग मी येत नाही." त्यानं त्याच रात्री सुट्टीचा अर्ज वाढवला. आता पुढे कोण चालणार हेही ठरलंय. तीच.

दुसरी गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. वाटेत लष्कराच्या चौक्या आहेत, ओळखपत्रं तपासतात. आमच्यात पाच मुसलमान, तीन हिंदू. एकदा ग्रुपवर कुणीतरी हसण्यावारी लिहिलं, "आपली नावं बघून आपल्याला जास्त वेळ थांबवतील काय?" त्यावर बराच वेळ कुणाचं उत्तर आलं नाही. मग एका हिंदू मित्रानं लिहिलं, "माझी आई म्हणते काश्मीरला जाऊ नको, तिथे आपलं नाव बघून मारतात." दोन आया, दोन भीती, आणि दोघींनाही भीती नावाचीच. आम्ही त्यावर वाद घातला नाही. ठरवलं एवढंच, की चौकीवर आठही जण एकत्र उभे राहायचे, आठही आधार कार्डं एकाच पाकिटात ठेवायची.

ते पाकीट त्याच मित्राकडे आहे.

आणि मला शांतता कशासाठी हवी, तेही सांगून टाकतो. गेल्या काही वर्षांत प्रवासात नमाज पढताना माझं अर्धं लक्ष मागे असतं. स्टेशनवर असो, पेट्रोल पंपामागे असो, कुणी मोबाईल तर धरला नाही ना, असं वाटत राहतं. सलाम फेरण्याआधीच मान वळेल असं होतं. गंगाबलला हरमुखच्या पायथ्याशी, पहाटे, मला घाई न करता फजर पढायची आहे. काश्मिरी पंडितांसाठीही ते पाणी पवित्र आहे. तिथे मान खाली घालायला मी पहिला नाही.

वजूसाठी मगभर पाणी पुरतं, ते तळ्यापासून लांब नेऊन वापरायचं. जोहर, असर आणि इशा सफरात चारऐवजी दोन रकात. राहिले पाय. एवढ्या थंडीत ते रोज पाच वेळा धुवायचे कसे?

काल अम्मीने कपाटातून अब्बांचे चामडी मोजे काढले. वजू करून घातले की मुसाफिराला तीन दिवस-रात्र त्यांवर ओला हात फिरवला तरी चालतं. अब्बा गेल्यापासून ते तिने कुणाला दिले नव्हते. तेल लावून मऊ केले आणि माझ्या बॅगेवर ठेवले.

कासचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.