वतन

आमच्या हिमायतनगरचें जुनें नांव वाढोणा. निजामी अमदानी १९४८ सालीं संपली, तिनें दिलेलें नांव मात्र राहिलें. नांवाचें मला फारसें कांहीं वाटत नाहीं. ‘वतन’ या शब्दानें मात्र हल्लीं मला अडवून धरलें आहे.

इंग्रजी शिकलेल्या माझ्यासारख्याला मायभूमीची कल्पना ग्रंथांतून मिळाली. तत्पूर्वीं घरांत शब्द होता तो वतन. मूळ अरबींत त्याचा अर्थ राहण्याचें ठिकाण, मायदेश. मराठींत तो पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी यांना चिकटला. म्हणजे पिढीजाद चाकरी आणि तिच्याबद्दलची जमीन व मानपान. भूमीवरील प्रेमापेक्षां भूमीवरील हक्क आमच्या पूर्वजांना अधिक उमगत होता, असें जुने महजर चाळतांना वाटूं लागतें. माझे आजोबा पटवारी. ‘आपलें वतन’ म्हणतांना त्यांचा आवाज बदलत असे, आणि तो अभिमान मीहि मित्रांत मिरवीत आलों.

गेल्या महाशिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेसाठीं गांवीं गेलों. तेथें शाळेंतला एक सोबती भेटला. त्याचे आजोबा गांवचे येसकर. “काय रे, वतन आठवतें का?” मीं सहज विचारलें. तो हंसला.

“वतन आमचंहि होतं कीं! तुझ्या आजोबांचं दप्तर डोक्यावर वाहायचं, मेलेलं जनावर ओढायचं, अन् दारोदार भाकर मागायची. तें सुटलं तेव्हां आम्ही सुटलों.”

मला उत्तर सुचलें नाहीं. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत महार वतनाविरुद्ध बिल मांडलें, आणि १९३१ सालीं मणिभवनांत ‘मला मायभूमि नाहीं’ अशा अर्थाचें गांधीजींना सांगितलें. हीं दोन्ही प्रकरणें मीं कैक वर्षें वर्गांत शिकविलीं, पण निरनिराळ्या तासांना! तीं एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, हें त्या यात्रेच्या गर्दींत प्रथम ध्यानांत आलें.

निघतांना त्यानें विचारलें, “तें दप्तर आहे का रे अजून? आमच्या म्हाताऱ्याचं नांव असेल त्यांत.”

त्या रात्रीं ट्रंक उघडून बसलों. आजोबांचें अक्षर मोठें सुरेख. शेतांचीं, कुळांचीं, बांधावरच्या आंब्यांचीं सुद्धां नोंद आहे; येसकराच्या जागीं नुसतें ‘येसकर’. अद्याप दोन बाडें पाहावयाचीं राहिलीं आहेत.