काकूंची पत्रं

लिहीन लिहीन म्हणत दोन आठवडे गेले. आज लिहितेच.

आमच्या सूनबाईचा घरगुती पिठांचा व्यवसाय आहे, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ वगैरे. मागच्या वर्षी ती म्हणाली, "आई, गिऱ्हाइकांना जाणाऱ्या ईमेल तुम्ही लिहून द्याल का? मी लिहिलं की नुसती जाहिरात वाटते." जन्मभर दुसऱ्यांचे निबंध तपासले, आता कुणीतरी मला निबंध लिहायला सांगत होतं! लगेच हो म्हटलं.

मला वाटलं, मी लिहायचं आणि तिने पाठवायचं. तसं नसतं. पत्रं एकदाच लिहून ठेवायची, पाठवतं यंत्र. कुणी वेबसाइटवर नाव आणि ईमेलचा पत्ता भरला की त्याच मिनिटाला स्वागताचं पत्र. तिसऱ्या दिवशी थालीपीठ कसं थापावं ते. आठव्या दिवशी मेतकुटाची गोष्ट. पंधराव्या दिवशी, तोवर काही मागवलं नसेल तरच, दहा टक्के सवलत. आणि एकदा माल घेऊन साठ दिवसांत पुन्हा मागणी आली नाही तर पाचवं पत्र. ते उघडूनही काही मागवलं नाही, तर आठवड्याने सवलत, मग आणखी एक आठवण. सूनबाईने हे सगळं चौकटी आणि बाण काढून पडद्यावर मांडलेलं. मला आमच्या शाळेतलं वेळापत्रक आठवलं, फक्त इथे कुणी रजेवर जात नाही.

लिहायला बसले तर पहिल्याच ओळीला अडले. "कसे आहात" लिहावं की "कशा आहात"? यंत्राला नाव कळतं, बाई की पुरुष ते कळत नाही. शेवटी "कसं काय, बरं आहे ना?" असं लिहिलं. "तुम्ही भाजणी मागवलीत" या वाक्याला मात्र काही अडचण नाही, तिथे लिंग भाजणीचं लागतं. कर्तृ-कर्मसंकर प्रयोग! बी.ए.ला घोकला होता, तो वयाच्या पंच्याहत्तरीत असा कामाला आला. ज्यांनी नावाची जागा रिकामी सोडली, त्यांना पहिल्या आठवड्यात "नमस्कार ," एवढंच गेलं. ते नंतर दुरुस्त केलं.

पत्रांखाली सही "काकू". ही कल्पना सूनबाईची, पण मला आवडली हे कबूल करते. पाचव्या पत्राची सुरुवात मी अशी केली होती : "बऱ्याच दिवसांत तुमची खबरबात नाही, आठवण येते." वाक्य लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश झाले होते.

गेल्या महिन्यात सूनबाई तिच्या माहेरी गेली होती. कुरिअरवाल्याची एक ईमेल शोधायची म्हणून तिने मला एक टपालपेटी उघडायला सांगितली. वेबसाइट केली तेव्हा काढलेला पत्ता तो, आमची सगळी पत्रं त्याच पत्त्यावरून जातात. ती कुणी बघतच नव्हतं. आत चाळीसच्या वर उत्तरं पडलेली. माणसांनी काकूंना उत्तरं लिहिली होती! कुणाला कुळथाचं पिठलं जमलं होतं, कुणी आईच्या हातच्या मेतकुटाबद्दल पानभर लिहिलं होतं.

आणि एक इंदूरचं. गृहस्थांनी लिहिलं होतं की भाजणी त्यांची पत्नी मागवायची, ती आषाढात गेली. पत्र तिच्या नावाने आलं म्हणून उघडलं. आपण तिला ओळखत होतात का, असं विचारलं होतं.

त्यानंतर त्यांना आमची दोन पत्रं गेली होती. ठरल्याप्रमाणे.

सूनबाई परतल्यावर आम्ही तो तक्ता उघडला. त्या नावापुढे पाचवं पत्र सहा वेळा उघडल्याची नोंद होती. पत्रात एक डोळ्याला न दिसणारं चित्र असतं, ते मागवलं गेलं की यंत्र "उघडलं" असं धरतं. खरं तर अ‍ॅपलच्या मेलमध्ये 2021 पासून ही चित्रं माणसाने न उघडताही आधीच मागवून ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे या आकड्यावर किती विसंबावं हा प्रश्नच. पण यंत्राने हिशेब केला : सहा वेळा उघडलं, म्हणजे रस आहे. सवलत पाठवा.

हे गेल्यावर मला सहा महिने यांच्या नावाने कुठल्या कुठल्या दुकानांचे वाढदिवसाचे संदेश यायचे. तेव्हा मी किती चिडायचे. तेही कुणाच्या तरी सूनबाईने असेच लावून ठेवलेले असणार आणि कुणीतरी सासूने लिहिलेले.

इंदूरला मी हाताने पत्र लिहिलं. चार कागद फाडले. ओळखत नव्हते, हे खरं ते लिहिलं. नावं एका यादीत असतात, पत्रं आपोआप जातात, तुमचं उत्तर आमच्याकडून वाचायचं राहिलं, असंही लिहिलं. त्यांचं उत्तर आलेलं नाही. यावं अशी अपेक्षाही नाही.

पाचव्या पत्रावरून घरात थोडं वाजलं. मी म्हटलं, काढून टाक. ती म्हणाली, "आई, परतून येणाऱ्या मागण्यांतल्या बऱ्याचशा त्याच पत्रामुळे येतात. दोन बायकांचा पगार त्यावर निघतो." तिचंही खोटं नाही, त्या दोघी मला रोज चहा करून देतात. मग पत्र ठेवलं, "आठवण येते" काढलं. आता तिथे सरळ लिहिलंय की भाजणी संपली असेल तर कळवा, आणि पत्रं नको असतील तर एका टिचकीत बंद करा. दिवसाला पाच हजारांच्या वर ईमेल पाठवणाऱ्यांना जीमेलने 2024 पासून अशी सोय सक्तीची केली आहे. आम्ही त्या हिशेबात कुठेच नाही, पण टिचकीची जागा ठळक केली. उत्तर आलं की ते वाचून मी त्या नावावर खूण करते, खूण झाली की पुढची पत्रं थांबतात. हे काम यंत्राकडे देता येईल का, ते सूनबाई बघते आहे. मी म्हटलं, सावकाश बघ.

सही मात्र अजून "काकू"च आहे. त्यावर आमचं एकमत व्हायचंय.

रोज सकाळी सातला ती पेटी उघडते. आज दोन होती. एकात नुसतं "नको" एवढंच, ते नाव काढलं. दुसऱ्या बाईंनी विचारलं होतं, मेतकुटात हळद असते का. असते. कळवलं.