वाटीभर खिमट

वीस वर्षं मराठी शिकवतोय, पण 'खिमट' हा शब्द मला शेजारच्या काकूंनी दिला. काकू पद्मशाली, घरात तेलुगू बोलणाऱ्या. तेलुगू घरातली बाई उर्दू शाळेच्या मास्तरला मराठी शब्द शिकवते, हे आमच्या सोलापुरात कुणाला नवल वाटत नाही. खिमट म्हणजे तान्ह्या मुलाचा मऊ भात. तांदूळ आणि मुगाची डाळ धुवायची, सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजायची आणि मिक्सरमध्ये रवाळ भरड काढून डब्यात भरून ठेवायची. लागेल तेव्हा दोन चमचे भरड पाण्यात शिजवायची. वर तूप, चिमूटभर जिरेपूड. आमच्या अम्मी यालाच 'पतली खिचडी' म्हणतात. पण 'पतली' या शब्दातच सगळा घोटाळा होता, तो पुढे सांगतो.

मी बाप झालो तो चाळिशीत. मुलगी आता चार वर्षांची आहे, मुलगा दीड वर्षाचा. माझ्या वयाच्या दोस्तांची मुलं बारावीला बसलीत आणि मी अजून वरणातल्या गुठळ्या चमच्याने मोडतोय. बायको एका इस्पितळात स्टाफ नर्स आहे. कधी सकाळची ड्युटी, कधी दुपारची, कधी रात्रपाळी. माझी शाळा सकाळची. त्यामुळे सकाळी पोरं अम्मींकडे आणि दुपारी एकनंतर माझ्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली. अम्मींचे गुडघे गेलेत, ओट्यापाशी फार वेळ उभं राहता येत नाही. त्या दिवाणावर बसून हुकूम सोडतात.

मुलीच्या वेळी सगळं सुरळीत गेलं. देईल ते खायची, न देईल तेही खायची. एकदा हळदीचा डबा उपडा करून स्वतःला आणि फरशीला सारखाच रंग दिला होता तिने. शेजारच्या काकूंनी ते पाहून विचारलं, "सर, पोरीचं लग्न ठरलं काय?"

मुलगा मात्र वेगळा निघाला. चमचा दिसला की ओठ शिवल्यासारखे बंद. नऊ महिन्यांचा असताना गोवरची लस द्यायला नेलं तेव्हा वजन भरलं ६ किलो ९०० ग्रॅम. अंगणवाडीतल्या ताईंनी माता व बाल संरक्षण कार्डावर टिंब दिलं. ज्यांनी ते कार्ड पाहिलंय त्यांना ठाऊक असेल, वजनाच्या तक्त्यात हिरवा पट्टा असतो, त्याखाली पिवळा. आमचं टिंब हिरव्यातून घसरून पिवळ्यात गेलं होतं. ताई म्हणाल्या, "घाबरू नका, पण वरचं खाणं वाढवा. महिन्याने परत आणा."

घरी आल्यावर जे झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सांगायची गरज नाही. फुफीअम्मा आल्या होत्या. त्यांनी बाळाचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "माँ ड्युटी को जाती, बच्चा सूखेगाच ना." एका वाक्यात निकाल. मी तिथेच बसलो होतो. पण बापाकडे बघून असं काही बोलायची आपल्यात पद्धत नाही. त्या रात्री पोरं झोपल्यावर बायकोने नोकरी सोडायचा विषय काढला. बारा वर्षांची नोकरी. बारा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना सलाईन लावणारी बाई स्वतःच्या पोराचं मनगट बघून रडत होती.

बीएडला आम्हाला एका विद्यार्थ्याचं निरीक्षण करून वही लिहावी लागायची. तेव्हा फार कंटाळा यायचा. त्या रात्री मी मात्र एक दोनशे पानी वही काढली आणि चार रकाने आखले: वेळ, काय खाल्लं, किती, कुणी भरवलं. म्हटलं, राजीनाम्याचं आठ दिवसांनी बघू. आधी हा गडी दिवसभर खातो काय ते तरी कळू दे.

आठ दिवसांत वही बोलायला लागली. सकाळी नऊला अम्मींच्या चहात बुडवलेलं बिस्कीट. अकराला समोरच्या दुकानदार चाचांकडे अर्धं बिस्कीट. दुपारी डाळीचं पाणी. चारला कुणी पाहुणा आला की परत चहा-बिस्कीट. संध्याकाळी 'पतली खिचडी', म्हणजे पाण्यात तरंगणारे सात-आठ दाणे. आईचं दूध होतंच, पण सहा महिन्यांनंतर तेवढ्यावर भागत नाही. पोराचं पोट दिवसभर भरलेलं होतं आणि अंगाला काही लागत नव्हतं. डाळीचं पाणी देतो तेव्हा डाळ पातेल्यातच राहते, हे आपण बघतच नाही. चहाचं तर आणखी वाईट. त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगात नीट शोषलं जात नाही. सगळ्या घराचं आणि अर्ध्या गल्लीचं प्रेम त्या बिस्किटात होतं, म्हणून कुणाला ते दिसलं नाही. आईच्या ड्युटीच्या रकान्यात मात्र काहीच सापडलं नाही. ती घरी असलेल्या दिवशीही वही तशीच होती.

चहा-बिस्कीट बंद करायचं म्हटल्यावर अम्मी भडकल्या. "हम तुमकू च्या-बिस्कुट पेच बड़ा किए!" यावर काय बोलणार? त्यांनी वाढवलेला मुलगा समोर उभा होता, तोही चांगला ऐंशी किलोचा. मग बायकोने युक्ती केली. बाळाला भरवायची एक वेळ अम्मींच्या नावावर करून टाकली, सकाळी दहाची. अट एकच: वाटीत मी करून ठेवलेलं असेल तेच भरवायचं. अम्मींना मान मिळाला, पोराला वाटी मिळाली.

दुपारपासून पुढचं सगळं माझ्याकडे आलं. बायकोचा पहिला धडा चमच्याचा. चमचा तिरका केला तर लगेच ओघळेल ते पातळ. चमच्याला धरून राहील तेच बाळाचं जेवण. खिमट असं घट्ट करायचं, वर चमचाभर तूप किंवा तेल, कारण बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं. थोडक्यात जास्त ताकद जायला हवी. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी निदान अर्धी वाटी. पहिलं वर्ष मीठ-साखर जवळजवळ नाहीच. मधही नाही. मधाचं आमच्याकडे आधीच रामायण झालं होतं. तहनीकच्या वेळी एक नातेवाईक मधाची बाटली घेऊन आल्या होत्या. बायकोने त्यांच्या हातून ती प्रेमाने घेतली आणि कपाटात ठेवून दिली. एक वर्षाच्या आतल्या मुलाला मधातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो, हे तिने नंतर समजावलं. टाळूला लावला तो मऊ केलेल्या खजुराचा नखभर लगदा.

मग माझे प्रयोग सुरू झाले. नाचणीचं सत्त्व घरी केलं. भिजवा, मोड आणा, वाळवा, दळा, चाळा. तीन दिवसांचा संसार. गच्चीवर वाळत घातलेली नाचणी कबुतरांनी माझ्या पोरापेक्षा आवडीने खाल्ली. अंड्याचा बलक कुस्करून दिला, तो त्याने माझ्या शर्टाला दिला. खिमा दोनदा वाटून डाळीत मिसळला, तो गेला. कलेजी उकडून, किसून, अगदी चमचाभर, वर लिंबाचे दोन थेंब, तीही गेली. आंबटाने लोह चांगलं लागतं. आमच्या खिचडीसोबत खट्टा करणाऱ्या बायकांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होतं की काय, कोण जाणे.

आणि भाकरी. सोलापुरात राहून भाकरी येत नाही म्हणणं म्हणजे उर्दूच्या मास्तराला अलिफ येत नाही म्हणण्यासारखं. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळतं पाणी घालून पीठ मळावं लागतं. मग परातीत थापायची, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी आचेवर फुगवायची. ती फुगली की आमची मुलगी टाळ्या वाजवते. तिलाही एक गोळा दिलेला असतो. ती त्याचे चांद, मासे, बदक असं काहीबाही थापते आणि मला ते सगळं भाजावं लागतं. एकदा भाजलेलं बदक तिने भावाच्या हातात दिलं. चमचा पाहून तोंड फिरवणारा तो गडी बदकाची मान मजेत चघळत बसला. ते बघून मी चमचा बाजूला ठेवला. गरम दुधात किंवा डाळीत कुस्करलेली भाकरी ताटलीत घालायला लागलो आणि ताटली दोघांच्या मध्ये ठेवायला लागलो. ताई खाते म्हणून तो खातो. अर्धं जमिनीवर जातं, पण जेवढं पोटात जातं ते त्याच्या मर्जीने जातं.

ही बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागणार? असरनंतर मशिदीबाहेर एकाने विचारलंच, "क्या सर, भाभी हड़ताल पे हैं क्या?" सगळे हसले, मीही हसलो. पण विचारणारा कोण होता? आमच्या भागातला नावाजलेला भटारी. मुलाच्या अकीक्याला त्यानेच दालचा-खाना केला होता. पहाटे चारला चुली पेटवून, हातभर लांब उलथन्याने देगी हलवत, दीडशे माणसांचं जेवण या माणसाने एकट्याच्या देखरेखीखाली उतरवलं होतं. आपल्या लग्नांत, उरसांत देगीपाशी बाई कधी दिसते का? कांदा कापणारा पुरुष, मसाला भाजणारा पुरुष, वाढणारेही पुरुषच. तिथे कुणी विचारत नाही की भाभी कुठे आहेत. हजार माणसांसाठी रांधणारा पुरुष उस्ताद आणि एका बाळासाठी वाटीभर खिमट करणारा बायकोचा गुलाम, हे गणित मला अजून कुणी सोडवून दाखवलेलं नाही. पैसे मिळाले की हुनर, नाही मिळाले की बायकी काम, एवढंच मला त्यात दिसतं.

कुणी म्हणेल, दूध-भात हा बायकांचा विषय. कुरआनच्या सूरह बकराची २३३ वी आयत काढून बघा. दोन वर्षं दूध पाजण्याचं तिथे सांगितलंय, आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकलीय आणि दूध तोडायचं तर दोघांनी राजीखुशीने, एकमेकांच्या सल्ल्याने तोडावं असं म्हटलंय. तिथला 'तशावुर' आणि आपला रोजचा 'मशवरा' एकाच धातूतून आलेत. म्हणजे बाळाच्या तोंडात काय जावं याच्या मशवऱ्यात बाप आहेच. आणि बुखारीत ती हदीस आहे: पैगंबर साहेब (स.) घरात काय करत, असं हजरत आयशांना (र.) विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. सुन्नत म्हटलं की आपल्याला दाढी आठवते, मिस्वाक आठवतं, अत्तर आठवतं. ही हदीस आठवून कांदा चिरायला बसलेला माणूस मी तरी फार पाहिलेला नाही.

कौतुकाचाही एक त्रास असतो. नात्यातल्या बायका मला बघून म्हणतात, "कित्ता अच्छा है ना, बच्चों को खिलाता है!" बायको शेजारीच असते, रात्रपाळी करून आलेली, एका हाताने पोराचे कपडे बदलणारी. एकदा ती शांतपणे म्हणाली, "मेरेकू तो आज तक किसी ने ऐसा नहीं बोला." त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

वर्षाचा झाला तेव्हा वजन ८ किलो १०० ग्रॅम भरलं. हिरवा पट्टा, पण अगदी काठावर. राजीनाम्याचा विषय परत निघाला नाही. फुफीअम्मांनी मनगट पुन्हा दोन बोटांत धरून पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. वहीचं शेवटचं पान संपलंय. त्यावर मुलीने बदक काढून ठेवलंय.

रमजानमध्ये एक नवीन पद मात्र निर्माण झालं. रोजा ठेवून इफ्तारीचं करताना मिठाचा अंदाज कसा घ्यायचा? गरज असेल तर जिभेच्या टोकावर चाखून थुंकून टाकायला हरकत नाही, असं उलेमा सांगतात. पण मला ती धाकधूक नको वाटते. म्हणून मुलीला मुख्य चाखणारी नेमलं. ती स्टुलावर चढते, चमच्यावर फुंकर घालते, डोळे मिटते आणि निकाल देते: "बराबर", "कम", किंवा "अब्बू, ये क्या किए?" महिनाभरात तिचे निकाल फार क्वचित चुकले.

ईदनंतर नात्यात एक लग्न होतं. मंडपामागे देगी लागल्या होत्या आणि तोच भटारी घाम पुसत उभा होता. मुलगी माझा हात सोडून थेट त्याच्याकडे गेली. चुलीपासून चार हात लांब थांबली आणि म्हणाली, "नमक देखूं?" त्याने माझ्याकडे बघितलं, मग वाटीत थोडा दालचा काढून, निववून तिच्या हातात दिला. तिने फुंकर घातली, डोळे मिटले.

"थोड़ा कम है."

त्याने स्वतः चाखून बघितलं, मिठाच्या डब्यात हात घातला आणि मूठभर मीठ देगीत टाकलं.