कालनिर्णय, फाईल आणि मी

गेले कित्येक दिवस यावर लिहीन लिहीन म्हणत होते. पण लिहायला बसलं की कोणाचा तरी मोजा सापडत नसतो! आज दोघंही सरावाला गेलीयेत, म्हणून हे दोन निवांत तास.

आमच्याकडे दोन खेळाडू आहेत. लेक तेरा वर्षांची, खो-खो खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपले दोन्ही संघ जिंकले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. झालं! तेव्हापासून बाईसाहेबांना दुसरं काही सुचत नाही. धाकटा नऊ वर्षांचा, तो पोहायला जातो. म्हणजे एकाचं सगळं ओलं आणि दुसरीचं सगळं मातीनं माखलेलं. ओला कॉस्च्युम दोन दिवस पिशवीत विसरला की काय वास येतो ते ज्यांच्या घरी पोहणारं मूल आहे त्यांनाच ठाऊक.

पण मी म्हणजे एकदम शिस्तीची बाई. कालनिर्णयावर दुधाचा हिशोब असतो तसंच सरावाचं वेळापत्रक लिहायला लागले. आधी लेकीसाठी लाल पेन घेतलं, पण सुट्ट्याही लालच असतात, त्यामुळे सगळा गोंधळ! मग हिरवं घेतलं. दाराशी दोन खुंट्या, दोन पिशव्या. सरावाहून आल्या आल्या पिशवी बाथरूमच्या दारात रिकामी करायची, मगच खाऊ. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे फाईल. शालेय स्पर्धांना जन्मदाखला, आधार कार्ड, फोटोवर शाळेचा शिक्का असलेलं बोनाफाईड, असं काय काय लागतं. ते सगळं एका निळ्या फाईलमध्ये. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फाईल कौतुकानं दाखवायच्या. मलाही आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि मग ती जिल्हास्तरीय स्पर्धा आली.

आदल्या रात्री नऊ वाजता मी कोपऱ्यावरच्या दुकानात बोनाफाईडची झेरॉक्स काढायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर कागद तपासणाऱ्या सरांनी फाईल उघडली, पानं उलटली आणि म्हणाले, "ताई, ओरिजिनल?"

ओरिजिनल नव्हतंच. ते रात्रभर झेरॉक्सच्या मशीनमध्ये, झाकणाखाली, पालथं पडलं होतं.

मी विनवण्या केल्या. नवऱ्याला फोन केला, तो स्कूटरवरून दुकानाशी गेला, तर शटर बंद. दुकान दहाला उघडतं, सामना साडेनऊला. सरांचंही बरोबर होतं, चौदा वर्षांखालच्या गटात वयाचे घोळ होतात, ते तरी काय करणार? लेक गणवेश घालून, गुडघ्याला नी-कॅप बांधून चुन्याच्या रेषेबाहेर बसली. संघ एका गुणानं हरला. ती असती तर जिंकले असते असं काही म्हणता येत नाही. पण नसते जिंकले असंही म्हणता येत नाही ना...

ती रडली नाही, भांडलीही नाही. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. घरी येताना स्कूटरवर मागून एवढंच म्हणाली, "आई, माझी फाईल आता माझ्याकडे दे."

रात्री मला झोप लागेना. आधी वाटलं, हा राग आहे. मग लक्षात आलं की ते कागद तिचे, स्पर्धा तिची, आणि त्या फाईलला तिनं कधी हातसुद्धा लावला नव्हता. मी लावू दिलाच नव्हता. व्यवस्थितपणा माझा होता, आणि तो चुकला तेव्हा किंमत तिनं मोजली. त्याहून जास्त टोचलं ते वेगळंच. दोन वर्षांत मी तिचा एकही सामना धड पाहिला नव्हता. सगळा वेळ बाटल्या भरण्यात, केळी मोजण्यात, फोनवर पुढच्या वेळा बघण्यात.

आता फाईल तिच्या कपाटात असते. तिनं आतल्या बाजूला पेन्सिलीनं यादी चिकटवली आहे. तिचं अक्षर वाकडं आहे, पण पहिल्याच ओळीत 'ओरिजिनल' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. धाकटा स्वतःचा कॉस्च्युम स्वतः पिळतो. नीट पिळत नाही, बाथरूमभर पाणी होतं. असो.

परवाच्या सामन्याला मी नुसती जाऊन बसले. लेकीनं खांबापाशी सूर मारला आणि पळणाऱ्या मुलीला टिपलं. ती असं काही करते हे मला माहीतच नव्हतं! मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू दचकल्या.

आणि हो, पाण्याची बाटली तिथेच विसरून आलो. दोघीही.