तेल दिसलं पाहिजे

1982 साली गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, तेव्हा आमच्या घरची मोठी माणसं भामरागडात नोकरीला होती. पर्लकोटा नदीला पूर आला की गाव तुटायचं, किराणा संपायचा. पण आई, काकू आणि शेजारच्या मास्तरीणबाईंच्या चुली अडायच्या नाहीत. अंबाडी, शेवगा, परसातली हळद, माडिया बायांकडून घेतलेलं मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल. पालेभाजीवर 'तेल दिसलं पाहिजे' हा काकूंचा दंडक. आम्हाला वाटे, हात सैल आहे. भाजीतलं कॅरोटीन स्निग्धाविना नीट शोषलं जात नाही, हे आमच्यातल्या धाकटीने पुढे बीएस्सीला वाचलं. भाजीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह जास्त अंगी लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला की कमी. तरी काका आचवून आले की चहा मागायचे आणि काकू द्यायच्या. त्या पिढीला सगळंच ठाऊक होतं, असं म्हणणाऱ्यांना या चहाची आठवण करून द्यावी लागते.

खोकल्यावर हळद, तूप आणि कुटलेले दोन मिरे घातलेलं कढत दूध. मिरे कशाला? 'झणका लागतो म्हणून.' 1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी माणसांना हळदीतलं 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं. सोबत मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर ते वीसपट रक्तात उतरलं. एरवी आतड्याची भिंत आणि यकृत कर्क्युमिनचं रूप पालटून त्याला बाहेर काढतात. पिपरिन ते काम मंदावतं. पण हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के. त्या दोन ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद लागेल, आमच्या पेल्यात चिमूटभर असायची. खोकला बहुधा त्याच्या त्याच्या वेळेनेच जायचा, श्रेय मात्र काकूंना.

आता धाकटीकडे कर्क्युमिन-पिपरिनच्या कॅप्सूलची बाटली असते. तिचं बघून थोरल्यानेही आणली. तो फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन घेतो, आणि पिपरिनने त्या औषधाचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. शिवाय अशा हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलेत. त्याच्या डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली. काकूंनी फोनवर विचारलं, 'दुधातले मिरे तरी चालतील ना रे?' तेही आम्ही त्याला डॉक्टरांनाच विचारायला लावलं.