डोलणारी इंजिनं

स्टीफन्सनचं 'रॉकेट' आपल्याला शाळेच्या पुस्तकातच भेटतं. इंग्लंडमधलं 'मॅलार्ड', त्याचा १९३८ सालचा ताशी १२६ मैलांचा विक्रम, हेही रेल्वेवेड्यांना तोंडपाठ असतं. मला मात्र गेली काही वर्षं फसलेल्या इंजिनांचा नाद लागला आहे. घरची मंडळी म्हणतात, लोक नाणी जमवतात, पोस्टाची तिकिटं जमवतात, हा भंगार जमवतो. म्हणू देत. यशस्वी इंजिनाची गोष्ट एकदा ऐकली की संपते. फसलेल्याची संपत नाही, कारण ते एवढ्या शहाण्या माणसांच्या हातून झालं कसं, हा प्रश्न उरतो.

आणि माणसं खरोखरच शहाणी होती. इझम्बार्ड ब्रुनेलचंच बघा. पूल, बोगदे, बोटी, ज्याला हात लावील ते भव्य. ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी त्याने सात फुटी गेज घेतला आणि इंजिनांची मागणी वेगवेगळ्या कारखान्यांकडे पाठवली. मागणीत अटी होत्या. ताशी ३० मैलांच्या वेगाला दट्ट्याची चाल मिनिटाला २८० फुटांच्या वर जाता कामा नये, आणि इंजिनाचं वजन साडेदहा टनांच्या आत हवं. दट्ट्या सावकाश, गाडी मात्र जोरात! कारखानदार काय करणार? कुणी चाकं प्रचंड मोठी केली, कुणी दाते लावून वेग वाढवला. 'हरिकेन' नावाच्या इंजिनाची मुख्य चाकं दहा फूट व्यासाची होती. आपल्या घराच्या छतापेक्षा उंच चाक. वजनाची अट पाळायची म्हणून बॉयलर वेगळ्या गाड्यावर ठेवला. त्यामुळे वाफ एका गाड्यातून दुसऱ्यात न्यावी लागे, आणि ज्या चाकांनी रूळ धरायचे त्यांच्यावर पुरेसा भारच नाही. 'थंडरर' हे त्याचं दाते लावलेलं भावंड. दोन वर्षांच्या आत दोन्ही निकालात निघाली.

हा सगळा संसार सांभाळायला डॅनियल गूच नावाचा मुलगा नेमला होता. १८३७ साली नेमणूक झाली तेव्हा त्याला एकविसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. त्याने रात्र रात्र जागून ही इंजिनं दुरुस्त केली. भरवशाचं म्हणावं असं मोठं इंजिन त्याच्याकडे एकच, 'नॉर्थ स्टार'. तेही मुळात अमेरिकेतल्या रेल्वेसाठी बांधलेलं आणि मग रुंद गेजवर बसवलेलं. पुढे १८४० पासून गूचने स्वतःची 'फायरफ्लाय' इंजिनं काढली. सगळ्या कारखान्यांना एकच नकाशे आणि पत्र्याचे साचे दिले, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला बसावा. ती बासष्ट इंजिनं नीट चालली. ब्रुनेलने कागदावर अटी लिहिल्या होत्या, गूचने हात काळे केले होते. मला यात सगळं येतं असं वाटतं, पण तेवढ्यावर थांबलो तर गोष्ट फार सोपी होईल. कारण पुढच्या माणसाला कारखान्याची खडान्‌खडा माहिती होती.

ऑलिव्हर बुलीड हा सदर्न रेल्वेचा मुख्य यांत्रिक अभियंता. त्याचे बॉयलर उत्तम असत, हे त्याचे टीकाकारही मान्य करतात. पण साधं काही करायचं नाही, हा त्याचा स्वभाव. १९४१ पासून निघालेल्या त्याच्या 'मर्चंट नेव्ही' इंजिनांत झडपा चालवणारी यंत्रणा साखळीवर होती आणि ती साखळी बंद पेटीत, तेलात बुडवलेली. कल्पना अशी की धूळ लागणार नाही, देखभाल कमी होईल. प्रत्यक्षात तेल गळे, ते बॉयलरभोवतीच्या वेष्टणात मुरे आणि अधूनमधून पेट घेई. १९५६ पासून या तीसही इंजिनांतली साखळी काढून नेहमीची यंत्रणा बसवली, तेव्हा त्यांची गणना उत्तम इंजिनांत होऊ लागली.

तोवर बुलीड 'लीडर'पर्यंत पोचला होता. वाफेचं इंजिन डिझेलसारखं करायचं, हे त्याचं स्वप्न. दोन्ही टोकांना ड्रायव्हरच्या खोल्या, म्हणजे फिरवून घ्यायची भानगड नाही. खाली सहा-सहा चाकांच्या दोन बोग्या, सगळी चाकं ओढणारी. पुन्हा साखळ्या. झडपा नळकांडीसारख्या, विमानाच्या इंजिनात असत तशा. पहिलं इंजिन, क्रमांक ३६००१, ब्रायटनच्या कारखान्यातून १९४९ साली बाहेर पडलं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला आतून बोळ हवा, म्हणून बॉयलर मध्यावरून एका बाजूला सरकवला होता. साहजिकच इंजिन त्या अंगाला कलू लागलं. मग तोल साधायला रिकाम्या बोळाच्या तळाशी टनांनी भंगार लोखंड भरलं. नवीन इंजिनात पहिल्याच वर्षी भंगार! वजन १३० टनांवर गेलं. झडपा मोडत, भट्टीच्या भिंतीच्या विटा आत ढासळत.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल. फायरमनची जागा मात्र नाही. तो इंजिनाच्या पोटात, मधल्या कोंडवाड्यात. एका अंगाला भट्टी, दुसऱ्या अंगाला पत्रा. तिथलं तापमान ४९ अंश सेल्सियसपर्यंत चढे. नकाशा काढणाऱ्याने दोन्ही ड्रायव्हरांना खिडक्या दिल्या, समोरचा रस्ता दिला. कोळसा टाकणारा माणूस नकाशात कुठेतरी मावला पाहिजे म्हणून मावला. १९५० साली चाचण्या थांबल्या, १९५१ साली ते इंजिन आणि त्याची अर्धवट भावंडं मोडीत काढली. बुलीड तोवर आयर्लंडला गेला होता. तिथे त्याने १९५७ साली पीट जाळून चालणारं असंच एक इंजिन बांधलं. खोड म्हणतात ती ही.

फायरमनच्या जागेवर मी इतका का अडकतो, याला घरचं कारण आहे. माझे धाकटे मामा मीटरगेजवर फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. कॅसलरॉक ते कुळे हा आपला घाट सदतीस फुटांना एक फूट चढतो. पोर्तुगिजांच्या काळात, १८८८ साली ही रेल्वे पुरी झाली, तेव्हापासून त्या चढाने कितीतरी माणसांची हाडं खिळखिळी केली. आपण गाडीत बसून दूधसागर बघतो. मामांनी दूधसागर किती वेळा पाहिला असेल, मला शंका आहे. बोगद्यात इंजिन चाकं घसरवत रखडलं की तोंडावर ओलं फडकं धरून श्वास घ्यायचा, एवढंच ते सांगत. त्यांच्या बोलण्यात इंजिनांना नंबर नसत, स्वभाव असत. एक रडकं, एक हट्टी, एक 'लग्नाच्या बैलासारखं डोलणारं'. "इंजीन उलयता रे, आयकुपाक जाय," असं ते म्हणत. पण ऐकायचं कुणी? ड्रायव्हरने फेरी संपल्यावर दुरुस्तीच्या वहीत बिघाड लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्यापुढे कुणीतरी 'पाहिले, ठीक आहे' लिहून सही करायची. मामांचं अक्षर वळणदार होतं. त्या वहीपुरतंच ते कामाला आलं, असं मामी म्हणायची.

डोलणाऱ्या इंजिनाची खरी गोष्ट मात्र ब्रॉडगेजवर, बिहारमध्ये घडली.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांची इंजिनं एकसारखी करायची ठरली. १९२४ च्या सुमारास नवे नमुने तयार झाले. प्रवासी गाड्यांसाठी तीन: एक्सए, एक्सबी आणि एक्ससी. तिन्ही 'पॅसिफिक', म्हणजे पुढे चार लहान चाकं, मधे सहा मोठी, मागे दोन लहान. ही मागची दोन चाकं शोभेची नव्हती. आपला कोळसा राखेचा, कमी आचेचा. तेवढीच वाफ हवी तर जाळी रुंद हवी, आणि रुंद भट्टी मोठ्या चाकांच्या मधे मावत नाही. ती मागे सरकवायची आणि तिच्याखाली चाकांचा एक जोड द्यायचा. इथवर विचार अगदी बरोबर होता.

घोडं अडलं ते चाकांना धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगांपाशी. रेल्वेचं चाक किंचित निमुळतं असतं, त्यामुळे सरळ रुळावरही ते जरा डावीकडे, जरा उजवीकडे असं सरकत राहतं. लहान चाकांना बाजूने आवरणाऱ्या स्प्रिंगांत पुरेसा जोर असेल तर हे सरकणं तिथेच विरतं. नसेल तर ते वाढत जातं आणि सबंध इंजिन नाक हलवत धावू लागतं. रेल्वेवाले याला 'हंटिंग' म्हणतात. एवढ्या वजनाचं इंजिन रुळांना डावी-उजवीकडून धक्के देऊ लागलं की रूळच वाकतो. मग तक्रार आली की यांत्रिक खात्याने म्हणायचं, रूळ खराब आहेत. रूळवाल्यांनी म्हणायचं, इंजिन खराब आहे. दोघांचंही खरं, आणि म्हणून दोघेही स्वस्थ. अशी तिन्ही मिळून २८४ इंजिनं घेतली गेली. आधी चार-सहा आणून नीट चालवून बघू, हे कुणी केलं नाही. दोष उघड झाल्यावरही काही वर्षं नवी इंजिनं येतच राहिली. डोलतात म्हणून कुठे वेगाला मर्यादा घाल, कुठे थोडा बदल कर, असं चाललं होतं.

१७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळच्या बिहटा स्टेशनालगत हावड्याकडे निघालेली एक्स्प्रेस रुळावरून उतरली. पुढे एक्सबी होतं. शंभराहून अधिक माणसं गेली. चौकशीचं काम अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन थॉम यांच्याकडे आलं. त्यानंतर फक्त या इंजिनांचा छडा लावण्यासाठी वेगळी समिती नेमली गेली. अध्यक्ष ब्रिटनच्या रेल्वे तपासणी खात्यातले कर्नल माउंट, सदस्यांत इंजिनकार विल्यम स्टॅनिअर. सोबत फ्रान्सहूनही तज्ज्ञ बोलावले, कारण पॅसिफिक इंजिनांचा डोलण्याचा आजार तिकडे चांगला ओळखीचा होता. १९३९ साली अहवाल आला. मला त्यातली उपाययोजना वाचून सुन्न व्हायला झालं. पुढच्या आणि मागच्या लहान चाकांना बाजूने आवरणारा जोर वाढवा, घर्षणाने डोलणं शमेल असं करा, इंजिन आणि टेंडर यांच्यामधली जोडणी सुधारा. एवढंच! नवीन शोध नाही, अवाढव्य खर्च नाही. बदल केल्यावर तीच इंजिनं पुढे कित्येक वर्षं चालली.

'हरिकेन' आणि 'लीडर' यांच्यावर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, कारण ती विक्षिप्त आहेत, चित्रात छान दिसतात. एक्सबी दिसायला साधं, चारचौघांसारखं. माझ्या यादीत तरीही ते पहिलं आहे. हरिकेनने कंपनीचा पैसा खाल्ला, लीडरने फायरमनला भाजून काढलं. एक्सबीवरच्या ड्रायव्हराला ते अंगाखाली डोलताना रोज कळत होतं, आणि मागच्या डब्यांत झोपलेल्या माणसांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

युद्धानंतर एक्स मालिकेच्या जागी नवं प्रवासी इंजिन आणायचं ठरलं तेव्हा अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून १९४७ साली आधी सोळाच नमुने मागवले. तेही पॅसिफिकच, रुंद जाळीचं, आपलाच कोळसा खाणारं. ती सोळा चालवून पाहिली, मग बाकीची आली, नंतरची चित्तरंजनला बांधली. एकूण ७५५. नाकावर चांदणी असलेलं ते टोकदार तोंडाचं डब्ल्यूपी. रेवाडीच्या शेडमध्ये यातलं 'अकबर' जपून ठेवलं आहे.