कापलेला समास

2009 सालच्या उन्हाळ्यात भुसावळच्या एका रद्दीवाल्याकडे मी शाळेसाठी जुने शब्दकोश शोधत होतो. वजनकाट्याशेजारी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा पडला होता. त्यात वह्या, रेल्वेची वेळापत्रकं आणि मधोमध एक जाड पुस्तक होतं. कातडी बांधणीची पाठ निघालेली, शिवण सुटलेली. आतल्या पानावर केडगाव आणि 1924 एवढं वाचलं आणि पुस्तक खाली ठेववेना.

ते पंडिता रमाबाईंचं बायबल होतं. आधीच्या भाषांतरातले जड संस्कृत शब्द साध्यासुध्या बायकांना कळत नाहीत, हे रमाबाईंना सलत होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून सगळं बायबल त्यांनी एकटीने मराठीत आणलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. छापलेलं संपूर्ण पुस्तक त्यांच्यामागे दोन वर्षांनी आलं. ते छापलं केडगावला, त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात. खिळे जुळवणारे हातही तिथल्या मुलीबायकांचेच.

सावद्याला घरी आणलं तेव्हा आई केळीच्या बागेतून नुकतीच आली होती. पुस्तक ओट्यावर ठेवायला लागलो तशी म्हणाली, "देवाचं हाये ना? मंग खाले ठेवू नको." तिने पोथीचं एक जुनं बासन काढून दिलं, वेखंडाची पुरचुंडीही दिली. तेव्हापासून माझ्याकडची सगळी बायबलं बासनात असतात. केळीमुळे आमच्याकडे बारमाही पाणी, त्यामुळे हवेत ओल. शिवाय वैशाखात ऊन असं, की कातडं तडकतं. पुस्तकं जपायची तर दोन्ही सांभाळावं लागतं.

त्या एका पुस्तकाने नाद लावला. शनिवारी पॅसेंजरने भुसावळ, कधी जळगाव, सुट्टीत नगर आणि मुंबई. मराठी बायबलांची वंशावळ हळूहळू कळत गेली. विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपुरात मत्तयचं शुभवर्तमान 1805 साली मराठीत छापलं. 1811 साली त्यांचा नवा करार निघाला तो मोडीत, कारण हिशेबाची, पत्रांची, रोजच्या व्यवहाराची लिपी तीच होती. पुढल्याच वर्षी, 11 मार्च 1812 रोजी, त्यांच्या छापखान्याला आग लागली आणि किती तरी भाषांचे खिळे वितळून गेले. मुंबईत अमेरिकन मिशनने 1826 साली नवा करार आणि 1847 साली संपूर्ण बायबल काढलं. याच मिशनच्या छापखान्यात खिळे पाडायचं काम शिकलेले जावजी दादाजी पुढे निर्णयसागरचे मालक झाले. आपल्या किती पोथ्या, किती पंचांगं त्या खिळ्यांनी घरोघरी पोचवली! म्हणून या पुस्तकांकडे मी परक्या घरची म्हणून पाहूच शकत नाही. मराठी अक्षर छापायला शिकलं, त्या शाळेतली ती पाटी आहे.

1811 ची प्रत माझ्याकडे नाही, कधी येईल असंही वाटत नाही. पण तिच्या एका पानाची छायाप्रत वाचता यावी म्हणून आजोबांच्या कापसाच्या हिशेबाचे रुमाल सोडून मी मोडी गिरवली.

जगभरच्या संग्राहकांची नजर वेगळ्या गोष्टींवर असते. लंडनला 1631 साली छापलेल्या एका बायबलात व्यभिचाराविषयीच्या आज्ञेतला नकारच गळला. छापणाऱ्यांना दंड झाला, प्रती नष्ट केल्या गेल्या, आणि म्हणूनच उरलेल्यांना आज मोल आहे. कोरे, रुंद समास असलेली प्रतही अशीच मोलाची. मीही तसाच विचार करत होतो.

माझ्या केडगावच्या प्रतीचे समास कोरे नव्हते. पेन्सिलीने, उशिरा अक्षरओळख झालेल्या हाताने, ठिकठिकाणी काहीबाही लिहिलेलं होतं. मी ते नीट वाचलंही नाही आणि पुस्तक बांधणीला दिलं. परत आलं ते देखणं होतं. पण कडा सारख्या करायला बांधणाऱ्याने ते कटिंगखाली घातलं होतं. प्रत्येक समासातली ओळ शेवटच्या दोन-तीन अक्षरांना तुटली होती. कापू नका, हे सांगायचं मीच विसरलो होतो.

त्या रात्री मी पहिल्यांदा त्या ओळी वाचायला बसलो. 'ते खंडव्याच्या गाडीव', 'दाणे संप', 'पोरीला ताप, उत'. तुटलेलं मी वहीत पुरं करत गेलो. गाडीवर. संपले. उतरला.

पहिल्या पानावर एक आडनाव आणि 'लोको शेड' एवढंच होतं. भुसावळच्या चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी पत्ता काढून दिला. रेल्वेच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या. पुस्तक उघडताच त्यांनी समासावरून बोट फिरवलं. "आईचं अक्षर. बाबांनी शिकवलं तिला, याच पुस्तकावर. दुसरं पुस्तक तिला जड जायचं."

मी वहीतल्या ओळी वाचून दाखवल्या. 'पोरीला ताप, उतरला' म्हणालो, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"उतरला नाही, भाऊ. उतरेना. माझी मोठी बहीण ती. त्याच आठवड्यात गेली."

मी वही मिटली. माझा अंदाज इतका सरळ होता, की तो चुकीचा असेल असं मनातही आलं नव्हतं.

पुस्तक मी त्यांच्यापुढे ठेवलं. "तुमचं आहे, राहू द्या." त्यांनी ते पंधरा दिवस ठेवून घेतलं. मग बोलावून परत दिलं. "माझ्यामागे इथे वाचणारं कोणी नाही. तुमच्याकडे बासनात तरी राहील. नाताळला दाखवायला आणत जा."

पानांपानांत कागदाच्या चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर एखाददुसरा शब्द. पुस्तकात त्यांनी एकही अक्षर लिहिलं नव्हतं. काही ठिकाणी चिठ्ठी कोरीच होती. तिथलं त्यांनाही आठवलं नव्हतं.

त्यानंतर माझ्याकडचं एकही पुस्तक बांधणीला गेलं नाही. सुटी पानं दोऱ्याने बांधून ठेवतो. डिसेंबरात केळीच्या वाफ्यांना पाणी सोडून झालं, की ते बासन काखेत मारतो आणि सावद्याहून भुसावळची गाडी धरतो.